दिव्यांगांना मंडळीत सामावून घ्यायचंय? मग या चुका टाळा

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दिव्यांगांविषयी कळवळा नाही, असं कुणी म्हणणार नाही. नाताळला ब्लँकेटं वाटली जातात, अंधशाळेला धान्य जातं, मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावं घेतली जातात. तरीही रविवारच्या उपासनेत व्हीलचेअरवरचे सभासद, एखादं कर्णबधिर जोडपं किंवा ऑटिझम असलेलं मूल घेऊन आलेली आई किती ठिकाणी नियमित दिसते? गावात अशी माणसं असतातच. ती दोन-चार रविवार येऊन बघतात आणि मग घरीच बसतात. का थांबलात, हे विचारायला सहसा कुणी जात नाही.

याला एक जुनं कारण आहे. आपल्याकडे हे काम फार लवकर सुरू झालं, पण ते संस्थांमध्ये झालं. देशातली कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८० च्या दशकात काढली. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईतच अंधांसाठी शाळा सुरू केली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना आसरा आणि शिक्षण मिळालं, तर अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उभा राहिला. हा वारसा अभिमानाचाच आहे. पण त्यातून आपल्याला एक सवय लागली: अपंग माणूस म्हणजे संस्थेतला माणूस. मंडळीने अर्पण पाठवायचं, संस्थेने सांभाळायचं. बाकावर आपल्या शेजारी बसणारा, वर्गणी देणारा, पंच कमिटीला निवडून येणारा सभासद म्हणून त्याच्याकडे बघायची वेळच आली नाही. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

न विचारता डोक्यावर हात ठेवणं

सर्वांत जास्त माणसं या एका चुकीने तुटतात, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

संजीवन सभा असते. वक्ते बाहेरगावचे असतात. कुबड्या घेऊन बसलेल्या माणसाकडे त्यांची नजर जाते आणि माइकवरून हाक येते, ‘भाऊ, पुढे या!’ दोघं-तिघं त्यांना काखेत धरून उठवतात. प्रार्थना होते, लोक टाळ्या वाजवतात, ‘कुबडी टाका, चाला’ असं सांगितलं जातं. ते चालू शकत नाहीत. मग सभा पुढच्या माणसाकडे वळते आणि भाऊ सगळ्यांच्या नजरा झेलत जागेवर परततात. परतताना कुणीतरी हळूच म्हणतं, ‘विश्वास कमी पडला बहुतेक.’

भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला. म्हणजे आज मंडळीत कॅलिपर (पायाला आधार देणारी चौकट) लावून येणारे बहुतेक जण प्रौढ आहेत, संसारी आहेत, नोकरी-धंदा करणारे आहेत. लहानपणापासून कितीतरी पाळकांनी आणि सुवार्तिकांनी त्यांच्या पायांसाठी प्रार्थना केलेली असते. या माणसाचा विश्वास कमी आहे, असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? एवढं होऊनही तो दर रविवारी येतो आहे.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे? याच्या की आईबापांच्या? येशू दोन्ही नाकारतो. तरी अपंग मुलाच्या आईला ‘घरात काही शाप आहे का, तपासा’ असं सांगणारे लोक आजही आपल्याच घरभक्तीत भेटतात. आपल्या शरीरातला काटा, म्हणजे आपलं दुखणं, जावं म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि काटा गेला नाही. त्याला उत्तर मिळालं ते कृपा पुरेशी असल्याचं. मग पौलाचाही विश्वास तोकडा म्हणायचा का?

उपाय अवघड नाही. बार्तीमय दिसत नाही हे सगळ्या यरीहोला ठाऊक होतं, तरीही येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तेच आपणही विचारावं. शेजारी बसून, माइकशिवाय: ‘कशासाठी प्रार्थना करू?’ उत्तर बरेचदा पायांबद्दल नसतंच. मुलीची बारावी असते, घरभाडं थकलेलं असतं, भावाशी अबोला असतो. कुणी बरं होण्यासाठीच प्रार्थना मागितली तर ती मनापासून करावी. पण मागणं त्यांचं असावं.

गोळ्या बंद करायला सांगणं

याला चूक म्हणणंही कमी आहे, यात जीव जातो. अपस्माराच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके एकामागून एक येऊ शकतात. मानसिक आजारातही औषध अचानक तोडलं की माणूस पुन्हा कोसळतो. प्रार्थना आणि गोळी यांत वैर नाही, हे पाळकांनी पुल्पिटवरून स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. घरी कुजबुजत सांगितलेलं पुरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यांतला एक आहे.

उपासनेत कुणाला फिट आली तर भूत काढायला धावू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचे बाक सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला किंवा लगेच दुसरा आला तर १०८ ला फोन करा. शुद्धीवर आल्यावर भोवती घोळका नको. ओळखीचं एकच माणूस जवळ बसू द्या.

रॅम्प बांधला, पण चढता येत नाही

आता बऱ्याच चर्चबाहेर रॅम्प दिसतात. त्यांतले कित्येक इतके उभे असतात की त्यावरून फक्त मोटारसायकल चढते. हिशोब सोपा आहे: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट धरा, तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. आपण सहा फुटांत उरकतो आणि मग दोन पोरं मागून ढकलायला लागतात. मिशनच्या काळातली चर्च उंच जोत्यावर आहेत. तिथे सरळ रॅम्पला जागाच मिळत नाही. अशा वेळी मधे सपाट टप्पा देऊन वळवून घ्यावा, किंवा बाजूच्या दारांकडे बघावं. वेस्ट्रीच्या (पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या) दाराला पायऱ्या कमी असतील तर रॅम्प तिथे घ्या आणि ते दार सगळ्यांसाठीच उघडं ठेवा. म्हणजे कुणाला एकट्याने मागल्या दाराने आत यावं लागणार नाही.

पॉलिश केलेली फरशी रॅम्पवर नको, पावसाळ्यात घसरते. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. आणि रॅम्पच्या वरच्या टोकाला चार इंचांचा उंबरठा तसाच राहिला असेल, तर खालचा सगळा खर्च वाया गेला. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता रॅम्प दिसला की आधी उंबरठाच बघतो.

आत आल्यावर बसायचं कुठे, हाही प्रश्न असतोच. व्हीलचेअर मधल्या वाटेत उभी केली की अर्पणाची थैली नेणाऱ्यांना अडचण होते आणि माणसाला आपणच अडगळ वाटायला लागतो. मधल्या रांगेतला एक बाक सुताराकडून तीन फूट कापून घ्या. त्या जागेत खुर्ची राहते आणि माणूस बायको-मुलांशेजारी बसतो. शौचालयाचं दार तीन फुटी आहे का, तेही त्याच दिवशी मोजा. रॅम्पला देणगीदार मिळतो, शौचालयाला मिळत नाही. पण अडीच तासांच्या उपासनेला यायचं की नाही, हे पुष्कळ जण शौचालयावरूनच ठरवतात.

सगळ्या सूचना फोटोत पाठवणं

अंध सभासद मोबाइल वापरतात, व्हॉट्सॲपवर असतात. स्क्रीन रीडर मजकूर वाचून दाखवतो. पण मंडळीच्या ग्रुपवर सूचना येते ती फुलांच्या नक्षीच्या पोस्टरवर, चित्र म्हणून. त्यातलं काही नीट वाचलं जात नाही. उपासनाक्रम जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर फाइल उघडूनही उपयोग नाही, स्क्रीन रीडरला ती अक्षरं निरर्थक वाटतात. पोस्टर खुशाल पाठवा, पण खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाका. गीतांचे क्रमांक आणि शास्त्रपाठ शनिवारी संध्याकाळीच कळवले तर अंध सभासद ऑडिओ बायबलमधून अध्याय आधीच ऐकून येतात. मराठी बायबल मोबाइलवर फुकट ऐकता येतं, हे अनेक घरांत अजून माहीत नसतं. ते सांगा.

आणि कृपा करून, ‘ओळखा बघू मी कोण?’ हा खेळ थांबवा. आपलं नाव सांगा आणि मग बोला. वाट दाखवताना त्यांचा दंड धरून ओढू नका. तुमचा कोपर पुढे करा, ते धरतील. निघून जाताना ‘मी जातोय’ म्हणा, नाहीतर माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो.

‘विश्वास ऐकण्याने होतो’ म्हणून कर्णबधिरांना वगळणं

रोमकरांस पत्रातलं ते वचन कर्णबधिरांविरुद्ध वापरलेलं ऐकलं की वाईट वाटतं. मे २०२४ मध्ये केरळमधल्या त्रिशूरला जोसेफ थेरमडम यांचा याजकपदाचा दीक्षाविधी झाला. ते भारतातले पहिले कर्णबधिर कॅथोलिक धर्मगुरू. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना बोलावणं पोचतं, हे आणखी कसं सिद्ध करायचं?

आपल्या चर्चमध्ये निदान एवढं करा: वक्त्याच्या पाठीमागे खिडकी किंवा ट्यूबलाइट नको, चेहरा अंधारात जातो आणि ओठ वाचता येत नाहीत. कर्णबधिरांसाठी पुढची जागा राखून ठेवा. प्रवचनाचे मुद्दे पडद्यावर दाखवा, पण वाक्यं छोटी ठेवा. लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला लिखित मराठी दुसऱ्या भाषेसारखी अवघड जाऊ शकते, लांबलचक परिच्छेद पुढे करून भागत नाही. तरुण संघातल्या दोघांना भारतीय सांकेतिक भाषेच्या वर्गाला पाठवा आणि त्यांची फी मंडळीने भरा. घरच्या बहिणीनेच दर रविवारी दुभाषी व्हायचं, तर तिने उपासना कधी करायची?

‘त्याला कळत नाही’ म्हणून प्रभुभोजन नाकारणं

बौद्धिक अक्षमता असलेला तीस वर्षांचा मुलगा. लहानपणी बाप्तिस्मा झालेला आहे, दृढीकरण (ज्यानंतर प्रभुभोजन घेता येतं तो विधी) झालेलं नाही, कारण प्रश्नोत्तरं पाठ होत नाहीत. आईवडील पुढे जातात, तो बाकावर बसून बघतो. दर वेळी.

करिंथकरांना पौलाने प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षण करायला सांगितलं, कारण तिथे सुखवस्तू लोक आधी खाऊन घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. कुणाला तरी मेजापासून दूर ठेवण्याचा दोष तो काढत होता. त्याच वचनाने आपण या मुलाला दूर ठेवतो. व्हॅटिकनने २०२० च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे की दिव्यांगांना संस्कार नाकारता येणार नाहीत. प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही या प्रश्नावर पाळक आणि वडिलांच्या बैठकीत बसून निर्णय घ्यायला हवा. पुढच्या वर्षी बघू म्हणत तो तीस वर्षं टाळायला नको. तयारी वेगळी करता येते: चित्रं, भाकरीचा तुकडा हातात देऊन सांगितलेली गोष्ट, आधीच्या शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये एकदा केलेला सराव.

ऑटिझम असलेल्या मुलांचा त्रास बहुधा आवाजाचा असतो. ढोलकी, खंजिरी, कीबोर्ड आणि भिंतीवर आदळणारे स्पीकर. स्पीकरपासून लांबची, दाराजवळची जागा त्या कुटुंबाला द्या. मूल उठून फिरलं तर फिरू द्या. मागे वळून बघणारे पंधरा चेहरे आईला जास्त छळतात, हे संडे स्कूलच्या शिक्षकांनी बाकीच्या पालकांना सांगून ठेवावं.

सत्कार करणं, पण काम न देणं

३ डिसेंबरचा दिव्यांग दिन आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) सुरुवातीला येतो. त्या आठवड्यात शाल, पुष्पगुच्छ, एक साक्ष आणि फोटो होतात. पुढच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायची यादी लागते, त्यात यांचं नाव नसतं. लेवीयच्या एकविसाव्या अध्यायाचा दाखला देऊन व्यंग असलेल्याने वेदीजवळ येऊ नये, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी त्याच अध्यायातलं बाविसावं वचनही वाचावं. तो देवाचं अन्न खाऊ शकतो, परमपवित्रसुद्धा, असं तिथे लिहिलं आहे. शिवाय ख्रिस्ती मंडळी जुन्या करारातल्या अहरोनाच्या याजकपदावर उभी नाही.

व्हीलचेअरवरच्या माणसाला अर्पण मोजता येतं, हिशोब तपासता येतो. अंध भगिनी ब्रेलवरून किंवा कानाशी फोन धरून वचन वाचू शकते. पोलिओ झालेले काका संडे स्कूल घेऊ शकतात. पुल्पिटच्या पायऱ्या आड येत असतील तर वाचनाचं स्टँड खाली जमिनीवर आणा आणि त्या दिवशी सगळ्यांनाच तिथून वाचू द्या. नागपूरस्थित नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने दिव्यांगांच्या सहभागासाठी बरंच काम केलं आहे; धोरण कसं लिहावं याचं मार्गदर्शन तिथून मागवता येईल. पण रॅम्पची जागा ठरवायला बसाल त्या बैठकीत व्हीलचेअर वापरणारा निदान एक सभासद असू द्या आणि बैठक तळमजल्यावर ठेवा.