लेथवर लाकूड कातताना: इजा कुठून होते आणि ती कशी टाळायची

लाटणे, पोळपाट, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या सुतारकामात लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कातायचे यंत्र, लागतो तो मुख्यतः यांसाठीच. नवखा माणूस या कामात पटाशीला घाबरतो, कारण तिची धार डोळ्यांना दिसते. पण जिवावर बेतणारी इजा करते ते लाकूड. फिरता ठोकळा फुटतो किंवा पकडीतून सुटतो आणि कपाळावर, डोळ्यावर, जबड्यावर आदळतो. म्हणून इथे आधी वेग, लाकूड आणि पकड यांचे बघू, पटाशीचे नंतर.

लाटण्याचा वेग पोळपाटाला चालत नाही

लाटणे दीड इंच जाडीचे, पोळपाट दहा इंच रुंदीचा. दोन्ही एकाच लेथवर होतात आणि घोळ तिथेच होतो. लाटण्यासाठी मोटरचा पट्टा पुलीच्या जलद पायरीवर टाकलेला असतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच पायरीवर पोळपाट चढवतो आणि बटण दाबतो.

हिशेब सोपा आहे. लाकडाचा व्यास इंचात घ्या आणि त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा. उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान राहिले पाहिजे. म्हणजे १० इंची पोळपाटाला ६०० ते ९०० फेऱ्या, ६ इंची वाडग्याला १००० ते १५००, १२ इंची परातीला ५०० ते ७५०. हे आकडे गोल झालेल्या, न थरथरणाऱ्या लाकडाचे आहेत. कोपरे असलेला, एका बाजूला जड ठोकळा याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी वेगाने सुरू करायचा आणि गोल होईपर्यंत तिथेच ठेवायचा. बारीक लाटण्याला हा हिशेब ४००० च्या पुढचा आकडा देतो, पण त्याच्या मागे लागू नका. लांब, बारीक काठी जास्त वेगात मधेच लवते आणि फटके मारते. १४४० फेऱ्यांत लाटणे छान होते.

आपल्याकडच्या अनेक लेथवर वेग दाखवणारा काटा नसतो. तेव्हा पुल्या मोजा. मोटरच्या फेऱ्यांना मोटरवरच्या पुलीच्या व्यासाने गुणायचे आणि लेथच्या पुलीच्या व्यासाने भागायचे. १४४० फेऱ्यांची मोटर असेल, तिच्यावर ३ इंची पुली आणि लेथवर ६ इंची असेल तर ७२० फेऱ्या मिळतात. २ इंची पुलीवरून ८ इंचीवर पट्टा टाकला तर ३६०. प्रत्येक पायरीचा आकडा काढून लेथवर ऑइलपेंटने लिहून ठेवा. सर्वांत हळू पायरी ५०० च्या वर असेल तर मोठे काम त्या लेथवर घेऊ नका. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून जादा पायरीची पुली करून आणणे हा त्यावरचा खरा उपाय.

वेगाला एवढे महत्त्व का, ते आकड्यांत कळते. १२ इंची लाकूड ६०० फेऱ्यांवर असताना त्याची कड ताशी साधारण ३५ किलोमीटरने धावते. १४४० फेऱ्यांवर तीच ताशी ८० च्या वर जाते. मार मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे सुटलेला तुकडा पावणेसहापट जोराने लागतो.

कुठले लाकूड चढवायचेच नाही

आरपार चीर असलेले, किडीने भुसभुशीत झालेले, सैल गाठीचे किंवा सुटत आलेल्या सालीचे लाकूड लेथवर नको. संशय आला तर ठोकळा हातात घेऊन हातोडीच्या दांड्याने ठोका. खणखणीत वाजला तर ठीक, भदभद आवाज आला तर आत पोकळी किंवा चीर आहे. चीर फेविक्विकने भरून तो ठोकळा वेगात फिरवणे हा धोका आहे. त्या गोंदाने बारीक भेग बुजते, दोन भाग बांधून राहत नाहीत.

जुन्या वाड्याचे सागवान सगळ्यांना हवे असते आणि ते असतेही चांगले. पण त्यात खिळे असतात, कधी डोके तुटून आत बुडालेले. कापण्याआधी मोठे लोहचुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा. खिळ्यावर पटाशी आपटली तर धारेचा तुकडा उडतो आणि तो थेट डोळ्याकडे येतो. फळ्या जोडून पोळपाट करत असाल तर गोंद लावल्यावर पूर्ण २४ तास शिकंज्यात ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात साठवलेले लाकूड ओले असते. ओले लाकूड कातायला मऊ लागते आणि किसही छान निघतो, पण ते वाळताना आकसते. चकमध्ये (लाकूड धरणाऱ्या जबड्यांच्या पकडीत) संध्याकाळी घट्ट धरलेला बुंधा, म्हणजे ठोकळ्याचे पकडीसाठी कातलेले टोक, सकाळपर्यंत अंडाकृती होऊन सैल पडलेला असतो. ओल्या कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी लेथ थांबवून चक पुन्हा आवळा, आणि रात्रभर ठेवलेले काम आवळल्याशिवाय सुरू करू नका.

पकड

फेसप्लेटवर (स्क्रूंसाठी भोके असलेल्या फिरत्या चकतीवर) लाकूड बसवताना पीओपीच्या छतासाठी मिळणारे काळे जिप्सम स्क्रू वापरू नका. ते कडक पण ठिसूळ असतात आणि झटका बसला की मानेत तुटतात. लाकडासाठीचे जाड स्क्रू घ्या, निदान २० ते २५ मिलिमीटर लाकडात शिरतील असे, आणि फेसप्लेटची सगळी भोके भरा. पोळपाटासारख्या पातळ कामात एवढा स्क्रू मावत नाही. तिथे मागे टाकाऊ ठोकळा चिकटवून स्क्रू त्यात घ्या. लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे रेषांची टोके दिसतात तिथे, स्क्रूची पकड कमी राहते. तिथे जास्त लांब स्क्रू लावा आणि समोरून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडून लाकडाला टेकणाऱ्या भागाचा, आधार द्या.

चकमध्ये धरायचा बुंधा वाडग्याच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश ठेवा. ६ इंची वाडग्याला दोन ते अडीच इंच. बुंध्याचे टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. लाकडाचा खांदा जबड्यांच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे, तो टेकलेला असेल तरच काम डुलत नाही. टेलस्टॉक जोवर आड येत नाही तोवर लावून ठेवा. तो काढायची घाई लोक का करतात ते समजत नाही, कारण लाकूड सुटले तरी त्याला जागच्या जागी अडवणारी तीच एक गोष्ट असते.

बटण दाबण्याआधी

चकची चावी काढून खुंटीवर टांगा. चावी चकमध्ये राहिली आणि लेथ सुरू झाला की ती गोळीसारखी सुटते. टूल रेस्ट (पटाशी टेकवायचा आधार) आणि टेलस्टॉकचे बोल्ट आवळा. मग लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. कुठे घासते का, कुठला कोपरा रेस्टवर आपटतो का, ते इथेच कळते. पट्टा हळू पायरीवर आहे हे डोळ्यांनी पाहा. चेहऱ्यावर शील्ड ओढा.

मग बाजूला उभे राहा. सायकलच्या चाकावरचा चिखल चाकाच्या रेषेतच उडतो, तसेच सुटलेले लाकूड फिरण्याच्या रेषेतच येते. त्या रेषेत तुमचे किंवा बघायला आलेल्या पोराचे डोके नको. बटण अशा जागी हवे की ते बंद करायला ही रेषा ओलांडावी लागू नये. अनेक ठिकाणी बटण भिंतीवर, लेथच्या पलीकडे असते. ते हलवायला इलेक्ट्रिशियनचा तासाभराचा वेळ लागतो, तो काढा.

सुरू केल्यावर अर्धा ते एक मिनिट काहीही न करता आवाज ऐका. मधेच टिक-टिक सुरू झाली, थरथर वाढली किंवा आवाजाचा सूर बदलला तर आधी बंद करा आणि लाकूड पूर्ण थांबल्यावर बघा. फिरत्या लाकडावर वाकून चीर शोधू नका.

लाईट जाते तेव्हा

वीज कंपनी हेस्कॉमची लाईट काम चालू असताना गेली की माणूस चहाला जातो. बटण चालूच राहते. लाईट येते तेव्हा रेस्टवर पटाशी पडलेली असते, चक अर्धा सैल केलेला असतो किंवा कोणाचा तरी हात लाकडावर असतो. मोटर साध्या स्विचवर असेल तर ती तशीच सुरू होते. हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर बसवा. त्याची वायरिंग बटणांवरून चालणारी असेल तर वीज जाताच त्याचा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा आतला स्विच) सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. बसवल्यावर मेन स्विच बंद-चालू करून स्वतः तपासा. लोखंडी लेथला अर्थिंग आणि लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीही (विजेची गळती होताच लाईन तोडणारा स्विच) हवा, विशेषतः पावसाळ्यात शेडची जमीन ओली असते तेव्हा.

कारखान्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसे असतील तर स्टार्टरवर दोन्ही भाषांत पाटी लावा: ‘हात लावू नका’, ‘मुट्टबेडी’.

हिसका का बसतो

टूल रेस्ट लाकडापासून ३ ते ६ मिलिमीटरवर ठेवा. लाकूड कमी होत जाते तसे अंतर वाढते, म्हणून मधेमधे रेस्ट पुढे घ्यायचा, पण लेथ थांबवूनच. अंतर वाढले की पटाशी तरफेसारखी वागते. लाकूड तिचे टोक खाली ओढते, मूठ वर उसळते आणि बोट रेस्ट व लाकूड यांच्यामध्ये सापडते.

पटाशी आधी रेस्टवर टेकवा, मग लाकडाला न्या. धारेमागचा उतार लाकडावर घासू द्या आणि मग मूठ हळूहळू उचलत धार लावा. आधार नसलेली धार लाकडाला लागली की हिसका बसलाच. सपाट तिरक्या पटाशीने कातताना धारेचा मधला भागच वापरा, वरचे लांब टोक लाकडात घुसता कामा नये. खरवडायचे हत्यार वाडग्याच्या बाहेरून वापरताना लाकडाच्या मध्याच्या उंचीवर किंवा जरा खाली, आतून वापरताना मध्यावर किंवा जरा वर ठेवा, आणि टोक मुठीपेक्षा खाली झुकलेले असू द्या. म्हणजे हिसका बसला तरी टोक लाकडापासून दूर जाते.

दोन हत्यारांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. दोन सेंटरमध्ये, म्हणजे लेथच्या दोन टोकांच्या मध्ये धरलेला चौकोनी दांडा गोल करायची रुंद गोल पटाशी वाडग्याला किंवा पोळपाटाला लावू नका. तिचा मुठीत जाणारा भाग अरुंद असतो आणि मोठ्या व्यासाच्या झटक्याने तिथेच तुटतो. दुसरे, जुनी कानस घासून केलेली पटाशी. ती फुकट मिळते, धारही चांगली धरते, आणि म्हणूनच फसवते. कानशीचे पोलाद फार कडक आणि ठिसूळ असते. हिसक्याने ते काचेसारखे फुटते आणि तुकडे तोंडावर येतात. लोहाराकडून नीट पाणी दिलेली पाट्याच्या स्प्रिंगची पटाशी परवडते, कानशीची नाही.

अंगावर काय हवे, काय नको

जाड पॉलिकार्बोनेटची, हनुवटीखालपर्यंत येणारी फेस शील्ड हवी. २०२० साली कोरोनात घरोघर आलेली पातळ प्लास्टिकची शील्ड थुंकीसाठी होती, लाकडाच्या तुकड्याने ती फाटते. नुसता चष्मा डोळे वाचवतो, पण जबडा आणि कपाळ उघडे राहतात.

हातमोजे नकोत. लांब बाह्या, उपरणे, ओढणी, सुटा पदर, मोकळे केस, गळ्यातली साखळी, मनगटावरचा गंडा, कडे, अंगठी यांतले काहीही नको. अंगठी अडकली तर बोटाची कातडी मुळापासून सोलून निघते. पॉलिश कापडाच्या चिंधीने लावायची सवय बऱ्याच जणांना आहे. चिंधी लाकडाला गुंडाळली की बोट सोबत जाते. टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा बोळा घ्या, तो फाटतो. पॉलिशपेपर मारताना रेस्ट पूर्ण बाजूला काढा आणि हात लाकडाच्या खालच्या बाजूला ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे ढिगात टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात. पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

पॉलिशपेपरच्या धुळीला कमी लेखू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली. सागवान आणि शिसवीच्या धुळीने अनेकांना खाज आणि पुरळ येते, दमाही बळावतो. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. एन-९५ मास्क लावा, कडा गालाला चिकटल्या आहेत ना ते पाहा, आणि झाडू मारण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडा.

इजा झालीच तर

आधी लेथ बंद. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून निदान दहा मिनिटे धरा, मधे उचलून पाहू नका. हळद, चहापूड, तंबाखू काही भरू नका.

बोट तुटले तर ते सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या भांड्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लागला तर पेशी मरतात आणि जोडणे अवघड होते.

डोळ्यात तुकडा रुतला असेल तर चोळू नका, काढू नका, पाण्याने धुऊही नका. कागदी कप डोळ्यावर उपडा धरून चिकटपट्टी लावा आणि रुग्णालयात न्या.

डोक्याला लाकूड लागून क्षणभर जरी भान गेले, उलटी झाली किंवा झोप येऊ लागली तर ‘बरे वाटतेय’ यावर विश्वास ठेवू नका. १०८ ला फोन करा. खानापूरसारख्या गावातून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर आहे आणि गंभीर जखमेला थेट तिथल्या जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणीच न्यावे लागते. जखमीला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते डॉक्टरांना सांगा. हा दिनांक आणि रक्तगट प्रत्येक कारागिराने १०८ च्या आकड्याशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा.