डायनामोच्या फियाटला अल्टरनेटर बसवताना वायरिंग कसं करायचं

डायनामो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुनं जनित्र, आणि अल्टरनेटर म्हणजे त्याच कामाचं नव्या पद्धतीचं. अल्टरनेटर बसवून देणारे गावोगाव भेटतात. ब्रॅकेट जुळवतात, पट्टा चढवतात, डायनामोची जुनीच वायर नव्या टर्मिनलला लावतात आणि चार्जिंगचा दिवा विझला की गाडी ताब्यात देतात. अशा गाड्या पुढे माझ्याकडे येतात. डॅशबोर्डखाली जळका वास, वायरीवरचं रबर कडक होऊन तडकलेलं आणि बॅटरी तरीही अर्धवटच चार्ज झालेली. म्हणून आज अल्टरनेटरबद्दल कमी आणि त्यातून निघालेला करंट बॅटरीपर्यंत कुठल्या वाटेनं जातो त्याबद्दल जास्त सांगतो. उदाहरणाला कुर्ल्यात बनलेली जुनी डायनामोवाली फियाट ११०० घेतो, कारण माझा हात तिच्यावर बसलेला आहे.

आधी हिशेब करा. साठ-पंचावन्नचे हॅलोजन बल्ब डिपरवर मिळून ११० वॅट, म्हणजे आठ अँपिअर. मागचे दिवे, नंबर प्लेट, मीटरचे दिवे मिळून दोन-तीन. वायपर तीन-चार, स्पार्कची कॉइल तेवढीच. रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावला असेल तर आणखी दहा-बारा. पावसाळ्यात रात्री घाट चढताना हे सगळं एकदम चालू असतं आणि बेरीज तीसच्या आसपास जाते. जुना डायनामो जेमतेम वीस-पंचवीस देतो, तोही इंजिन पळत असताना. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन हळू चालताना, त्याच्याकडून जवळपास काहीच मिळत नाही, सगळा भार बॅटरीवर पडतो.

म्हणून ४५ ते ६५ अँपिअरचा अल्टरनेटर घ्या. मारुती ८०० किंवा ओम्नीचा बरेच जण बसवतात. पाटीवरचा आकडा मात्र स्वतः वाचून घ्या. नव्वद-शंभरच्या मोहात पडू नका. ६५ अँपिअर चौदा व्होल्टवर म्हणजे नऊशेच्या वर वॅट झाले, आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता पाहता इंजिनातून दोन घोड्यांहून जास्त ताकद जाते. इंजिन १०८९ सीसीचं, पट्टा एकच आणि तोही व्ही-आकाराचा. यापुढे गेलात तर पट्टा घसरतो, पुली तापते आणि वाढीव अँपिअर कागदावरच राहतात.

आता वायरिंग. सर्वात आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून बाजूला बांधून ठेवा. फियाट मुळातच निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो, पण ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ सापडते. तिथे आधी ते बदलल्याशिवाय अल्टरनेटरला हातही लावू नका, आतले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) क्षणात जातात.

डायनामोकडून कटआउटच्या पेटीत (डायनामोचं चार्जिंग जोडणारी-तोडणारी पेटी) दोन वायरी येतात, एक जाड, एक बारीक. बारीक वायर फील्डची, म्हणजे डायनामोच्या चुंबकाच्या गुंडाळीची. तिचं काम संपलं, दोन्ही टोकं स्लीव्ह घालून बंद करा. चार्जिंगच्या दिव्याची वायर बहुतेक वेळा जाड वायरीच्याच टर्मिनलला सापडते. ती ओळखून वेगळी काढा, पुढे लागणार आहे. कटआउटच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर मात्र घाई करू नका. तिथे बॅटरीची वायर येते आणि तिथूनच गाडीच्या बाकी सर्किटांना पुरवठा जातो. पेटी काढून टाकली तर गाडी मुकी होते. त्या टर्मिनलवरच्या सगळ्या वायरी एका इन्सुलेटेड स्टडवर एकत्र घट्ट बांधा आणि वर झाकण घाला. कुणाला इंजिनखाना जुन्यासारखाच दिसायला हवा असेल तर कटआउटची रिकामी पेटीच या जोडाचं घर म्हणून वापरतो. मला स्वतःला तसंच आवडतं.

अल्टरनेटरच्या बी-प्लस बोल्टपासून, म्हणजे करंट बाहेर येतो त्या बोल्टपासून, नवी तांब्याची वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला न्या. जुन्या हार्नेसमधून, म्हणजे मूळ वायरींच्या जुडग्यातून, हा करंट नेऊ नका. आकडे सांगतो. दोन मीटर अंतर आणि ६५ अँपिअर धरले तर अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जळतो. सहाच्या वायरीत ०.४, दहाच्या वायरीत पाव आणि सोळाच्या वायरीत ०.१५. मी सोळाचीच वापरतो. बॅटरीजवळ, शक्यतो वीतभर अंतराच्या आत, ८० अँपिअरचा बोल्टवाला फ्यूज घाला. अल्टरनेटरच्या टोकाला घालून उपयोग नाही, कारण वायर कुठे घासून बॉडीला लागली तर मोठा करंट बॅटरीकडूनच येतो.

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारं बोल्टाच्या भोकाचं टर्मिनल, हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबून घ्या. पक्कडीनं चेपलेलं थिंबल ओढलं की निसटतं. नुसत्या डागावर (सोल्डरवर) तर मी मुळीच भरवसा ठेवत नाही, जोड तापला की डाग मऊ होतो आणि डाग जिथे संपतो तिथे वायर हलून हलून तुटते. दाबल्यावर जोर लावून ओढून बघा, मगच हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवंच. एक्झॉस्टच्या पाइपापासून वायर लांब ठेवा, आणि इंजिन रबरावर हलतं म्हणून अल्टरनेटरपाशी थोडी ढील सोडा.

अल्टरनेटरच्या मागच्या प्लगवर आयजी, एल, एस अशा खुणा असतात. सगळ्या अल्टरनेटरांवर तिन्ही असतीलच असं नाही. आयजीला चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा द्या, एसला फ्यूज घालून बॅटरीचा पॉझिटिव्ह. एलला मघाशी वेगळी काढलेली दिव्याची वायर. एलला थेट बारा व्होल्ट कधीही देऊ नका, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर जळतो. मध्ये दिवा पाहिजेच, दोन-तीन वॅटचा साधा बल्ब. ज्या अल्टरनेटरला आयजी नाही, त्याला सुरुवातीचं चुंबकत्व देणारा करंट याच बल्बातून मिळतो. तिथे एलईडी लावलात तर तेवढा करंट जात नाही, आणि गाडी रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही.

अर्थिंगकडे सगळेच दुर्लक्ष करतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, अल्टरनेटर इंजिनावर. परतीचा करंट बॉडीत येणार कुठून? पॉझिटिव्हला जेवढी जाड वायर, तेवढीच इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत घाला. बोल्टाखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत काढा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा.

आता तपासणी. बंद गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावा, आरपीएम दोन हजारावर धरा आणि मल्टिमीटरचं एक टोक बी-प्लसच्या बोल्टावर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर ठेवा. पाव व्होल्टापेक्षा जास्त दिसलं तर कुठला तरी जोड कच्चा आहे. तसंच अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा, तिथे ०.१ च्या आतच हवं. पंधरा मिनिटांनी गाडी बंद करून प्रत्येक थिंबलला हात लावा, जे तापलं असेल ते पुन्हा करा.

डायनामोच्या काळातले जुने मिस्त्री चालू गाडीची बॅटरी काढून चार्जिंग बघायचे. अल्टरनेटरवर हे अजिबात करू नका. बॅटरी सुटल्याबरोबर व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर दोन्ही जातात. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा.

गाडीत करंट दाखवणारा जुना अ‍ॅमीटर असेल आणि सगळा करंट त्यातून जात असेल तर तो बायपास करून व्होल्टमीटर लावा. तीस अँपिअरचा काटा साठ अँपिअर सोसत नाही, आणि तो असतो अगदी गुडघ्याजवळ. हेडलाइटला रिलेही (स्विचऐवजी मोठा करंट वाहणारं साधन) याच कामात उरकून घ्या. पूर्ण चौदा व्होल्ट मिळायला लागले की जुन्या स्विचमधून जाणारा करंटही वाढतो.

नवा पट्टा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये ढिला पडतो. सर्वात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्यानं दाबा, दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेला तर ताणून घ्या. त्याच वेळी बी-प्लसचा नटही पाना लावून बघून घ्या.