चार्जर बसवण्याआधी

सुरुवात वहीपासून करा. इलेक्ट्रिक गाडी रोज किती किलोमीटर चालते, संध्याकाळी किती वाजता जागेवर लागते, सकाळी कधी निघते, हे आठवडाभर लिहून काढा. दिवसाला ४० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला साधारण ६ ते ७ युनिट लागतात, म्हणजे ७.४ किलोवॉटच्या चार्जरवर जेमतेम तासाभराचं काम. गाडी मात्र रात्रभर तिथेच उभी असते. स्मार्ट चार्जिंगची, म्हणजे सोयीची वेळ आणि वेग निवडून चार्ज करण्याची, सगळी मोकळीक या उरलेल्या तासांत आहे.

मग मीटरकडे वळा. मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला एका वेळी किती किलोवॉट घेण्याची परवानगी आहे, ते बिलावर सापडेल. ७.४ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टवर ३२ अँपिअर, तेही सलग. त्यासाठी स्वतंत्र सर्किट, योग्य जाडीची वायर, गळती प्रवाह ओळखणारा ब्रेकर आणि तपासलेलं अर्थिंग हवंच. जुन्या सॉकेटवर भागवत असाल तर अर्ध्या तासाने प्लग काढून पाहा. पिना चटका देत असतील, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर त्याच दिवशी थांबा. घरातला एकूण वापर मोजून स्वतःचा प्रवाह कमी करणारा चार्जर मिळतो, तो घ्या. प्रवाह साधारण ६ अँपिअरपर्यंत उतरतो. त्याखाली चार्जिंग थांबतंच.

इमारतीत राहत असाल तर एकट्याचा विचार पुरत नाही. असे २० चार्जर संध्याकाळी एकाच वेळी चालू झाले की १४८ किलोवॉटचा भार पडतो, आणि तोही दिवे, पंखे, लिफ्ट ऐन भरात असताना. ट्रान्सफॉर्मर दिवसभर भार सोसतो आणि रात्री थंड होतो. ती विश्रांती हिरावली तर आतलं इन्सुलेशन लवकर म्हातारं होतं. केबलच्या शेवटच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज पडतं ते वेगळंच. सगळे चार्जर एकाच फेजवर तर नाहीत ना, हे वायरमनला आवर्जून विचारा. ते तिन्ही फेजवर वाटलेले हवेत. इमारतीसाठी एकूण मर्यादा ठरवून ती गाड्यांमध्ये वाटणारी यंत्रणा पहिल्या दोन-तीन चार्जरच्या वेळीच ठरवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर तिच्याशी बोलावेत म्हणून ‘ओसीपीपी’ हा खुला प्रोटोकॉल मागून घ्या.

आता टायमर. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. विजेचा स्वस्त दर रात्री बाराला सुरू होतो म्हणून सगळ्यांनी बाराच लावले, तर संध्याकाळचा डोंगर मध्यरात्री उभा राहतो, आणि क्षणात उभा राहिल्याने जास्त कडा असतो. ग्रेट ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी घरगुती चार्जरमध्ये १० मिनिटांपर्यंतचा आपोआप उशीर घालणं बंधनकारक केलं, ते याचसाठी. तुमच्या चार्जरमध्ये ही सोय असेल तर बंद करू नका. सुरू होण्याच्या वेळेऐवजी निघण्याची वेळ भरा. मधले तास यंत्रणेला निवडू द्या. अचानक निघावं लागलं तर हाताशी हवा म्हणून बॅटरीचा किमान टक्काही भरून ठेवा, तेवढा भाग लगेच चार्ज होईल.

वेळापत्रक गाडीत किंवा चार्जरमध्ये, एकाच ठिकाणी ठेवा. दोन्हीकडे लावलं की दोघं एकमेकांची वाट पाहतात आणि सकाळी बॅटरी तशीच रिकामी. इंटरनेट गेल्यावर चार्जर काय करतो, हे राउटर बंद करून एकदा पाहा. ही चाचणी सुट्टीच्या आदल्या रात्री करा.