पहिली फ्रेंच रेड वाइन कशी चाखावी

पहिल्याच खेपेला महागडी बोर्दो, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो भागातली वाइन, आणू नका. नवी असताना ती बहुधा चांगलीच तुरट लागते आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा कोत द्यु रोन घ्या. आग्नेय फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्यात होणारी ही वाइन तिथे रोजच्या जेवणात चालते. रेडमध्ये मुख्य द्राक्ष बहुतेक ग्रनाश, जोडीला सिरा आणि मूर्वेद्र. सिरा म्हणजे नाशिकच्या बाटल्यांवर दिसणारी आपली शिराजच.

लेबलवर द्राक्षाचं नाव सापडलं नाही तर गोंधळू नका. फ्रेंच बाटलीवर बरेचदा फक्त प्रदेशाचं नाव असतं. कोणत्या भागात कोणती द्राक्षं वापरायची हे तिथे नियमाने ठरलेलं आहे. कोत द्यु रोनला असा नियमांनी बांधलेल्या प्रदेशाचा दर्जा १९३७ साली मिळाला. साल अलीकडचं बघून घ्या, ही काही वर्षानुवर्षं मुरवायची वाइन नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच ३० अंशांवर असते, आणि तेवढ्या गरम वाइनमधून फळांच्या आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. साधारण १६ अंश हवेत. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बर्फाच्या पाण्यात पंधराएक मिनिटं. बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका.

पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा. रंग बघितला न बघितला तरी चालतो. आधी न हलवता वास घ्या, मग ग्लास टेबलावरच गोल फिरवून पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा लाल फळं जास्त मोकळी होतात, कधी चक्क काळी मिरी जाणवते. ती सिराची खूण. मिरीतलंच रोटंडोन नावाचं द्रव्य या द्राक्षातही असतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र दोष बुचाचा, तुमच्या नाकाचा नाही.

आता छोटा घोट घ्या आणि गिळण्याआधी तोंडभर फिरवा. गोडाची अपेक्षा ठेवू नका: द्राक्षातली जवळपास सगळी साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलेलं असतं. तोंडाला पाणी सुटतं ते आम्लामुळे. हिरड्या कोरड्या पडतात, जांभूळ खाल्ल्यावर पडतात तशा, ते द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यामुळे. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतं. पहिल्या घोटावर मत बनवू नका, दुसरा-तिसरा खरा.

तिसरा घोट खाण्यासोबत घ्या. भाजलेलं मटण किंवा जुनं चीज असेल तर तुरटपणा लगेच मवाळ होतो. झणझणीत तांबडा रस्सा नको, तिखटाने अल्कोहोलची आग आणखी भडकते.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकते. पुढच्या वेळी प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.