वाडीचा ग्रुप न सोडता नको असलेले व्हिडिओ कसे थांबवावेत

मालवणातले माझे चुलत काका पहाटे साडेपाचला भजनाचा व्हिडिओ पाठवतात आणि आठ वाजता फोन करून विचारतात, "धाडलेलो व्हिडिओ बघलंस काय रे?" काकांना दुखवायचे नाही, पण रोज सकाळी ही हजेरीही द्यायची नाही, अशा पेचात असलेल्यांसाठी हा लेख आहे. वाडीचा ग्रुप सोडून देणे हा उपाय किनाऱ्यावर चालत नाही, कारण वादळाचा इशारा, घाटात कोसळलेली दरड आणि लाईट कधी येणार हे सगळे त्याच ग्रुपवर कळते.

म्हणून आधी माणसाशी न बोलता फोन आवरावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' या भागात फोटो, ऑडिओ आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करता येते. मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग या तिन्ही ठिकाणच्या खुणा काढाव्या लागतात, आणि बहुतेक जण वाय-फायची खूण विसरतात. इशारे बहुधा मजकुराच्या रूपात येत असल्याने ते पूर्वीप्रमाणेच दिसतात, व्हिडिओ मात्र आपण बोट लावल्याशिवाय उतरत नाही. वाडीचा ग्रुप म्यूट करू नये, निव्वळ करमणुकीचे ग्रुप मात्र खुशाल 'नेहमीसाठी' म्यूट करावेत.

गणपतीच्या आधी चाकरमानी मंडळी नवनवे ग्रुप काढतात. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये 'ग्रुप्स'समोर 'माझे संपर्क' निवडल्यास अनोळखी माणसाला तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये ओढता येत नाही. त्याला आमंत्रण पाठवावे लागते. जाहिरातींच्या एसएमएससाठी 1909 या क्रमांकावर नोंदणी करावी. तेथे विशिष्ट प्रकारच्या जाहिरातीच तेवढ्या बंद करण्याची सोय आहे आणि बँकेचे ओटीपी त्यामुळे अडत नाहीत.

यानंतर माणसाची पाळी येते, आणि खरी कसोटी इथेच लागते. ग्रुपवर सर्वांसमोर "कृपया असे पाठवू नये" असे लिहिणे म्हणजे भांडणाला अक्षत देणे. त्याऐवजी फोन करावा किंवा पडवीत बसून बोलावे, आणि नकारासोबत काहीतरी मागावे. मी काकांना म्हटले, "काका, सकाळचे व्हिडिओ माझ्याकडून बघून होत नाहीत, तेवढे पाठवू नका, पण दशावताराचा खेळ कुठे आहे ते मात्र नक्की कळवा." फोनमध्ये जागा नाही, नेट मिळत नाही असली सबब सांगू नये, कारण दोन दिवसांनी आपलाच स्टेटस काकांना दिसतो. ठरल्यावरही व्हिडिओ आला, तर उत्तर देऊ नये आणि अंगठाही दाखवू नये. अंगठा ही पावती समजली जाते.

ग्रुपचा अ‍ॅडमिन ऐकणारा असेल, तर केवळ सूचनांसाठी वेगळा ग्रुप काढून त्यात फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतील अशी सोय करून घ्यावी.

अश्लील चित्रफीत आली, तर मात्र हा सगळा मुलाहिजा सोडावा. असा मजकूर पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 67 खाली गुन्हा आहे. स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, पाठवणाऱ्याला ब्लॉक करावे आणि गरज वाटल्यास पोलिसांत तक्रार करावी.

घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनवर हीच सेटिंग्ज त्यांच्या समोर बसून, त्यांना विचारून करावीत. आईला तिचे सुप्रभात हवे असेल, तर ते राहू द्यावे.