लंडनच्या व्यावसायिक लॉ फर्ममध्ये ट्रेनी सॉलिसिटरच्या जागेसाठी अर्ज आणि मुलाखतीची तयारी कशी करावी

इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या व्यावसायिक फर्मच्या वाटेने सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारे आणि त्यांचे कायदेशीर व्यवहार पाहणारे वकील, होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना तेथे ट्रेनी म्हणून साधारण दोन वर्षे काम करावे लागते. या काळात सहसा सहा-सहा महिन्यांच्या चार 'सीट' असतात. म्हणजे ट्रेनी कंपनी कायदा, बँकिंग, मालमत्ता, वाद-निवारण अशा वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने बसतो. या जागांसाठी जगभरातून अर्ज येतात आणि त्यांत पुण्या-मुंबईच्या विधी महाविद्यालयांतले विद्यार्थीही असतात. गुणपत्रिका उत्तम असूनही ज्यांचे अर्ज मागे पडतात, त्यांच्या अर्जात बहुतेक वेळा एकच उणीव दिसते: फर्मचे नाव बदलून तोच मजकूर दुसऱ्या कोणालाही पाठवता आला असता.

आधी पात्रता तपासा

सप्टेंबर 2021 पासून तेथे एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही सॉलिसिटर होण्याची परीक्षा लागू आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येकी 180 बहुपर्यायी प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, तर दुसऱ्या टप्प्यात अशिलाची मुलाखत, मसुदालेखन, युक्तिवाद अशी प्रत्यक्ष कौशल्ये तपासली जातात. याशिवाय कोणत्याही विषयातील पदवी, कामाचा दोन वर्षांचा पात्र अनुभव आणि चारित्र्याची पडताळणी आवश्यक असते. ज्यांनी भारतात आधीच वकिलीची सनद घेतली आहे, त्यांना 'पात्र वकील' म्हणून दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागू होत नाही. त्यामुळे काही वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीने ट्रेनीच्या जागेमागे लागावे की परीक्षा देऊन थेट असोसिएट, म्हणजे फर्ममधला पूर्ण पात्र वकील, म्हणून प्रयत्न करावा, याचा विचार अर्ज भरण्यापूर्वीच करावा. मुंबईत बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते ती सॉलिसिटरची परीक्षा आणि तिच्यासाठीची आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखालची उमेदवारी) ही पूर्णपणे वेगळी वाट आहे.

वेळापत्रक आखा

मोठ्या फर्म कामावर रुजू होण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी निवड करतात. अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुले होतात आणि 'व्हेकेशन स्कीम' म्हणजे फर्ममधल्या अल्पकालीन उमेदवारीच्या मुदती हिवाळ्याच्या आतबाहेर संपतात. ही उमेदवारी टाळू नये, कारण अनेक फर्म आपले बरेचसे ट्रेनी तिच्यातूनच निवडतात. काही ठिकाणी अर्ज येतील तसे तपासले जातात, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला कमी जागा उरतात. फर्म व्हिसाचे प्रायोजकत्व देते का, हे भारतातून अर्ज करणाऱ्याने तिच्या भरती विभागाला ईमेलने आधीच विचारून घ्यावे.

मोजक्या फर्म निवडा, मग अर्ज लिहा

चाळीस ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा सहा ते दहा फर्म नीट अभ्यासाव्यात, असे माझे ठाम मत आहे. क्लिफर्ड चान्स, लिंकलेटर्स, फ्रेशफील्ड्स, स्लॉटर अँड मे ही नावे सर्वांना ठाऊक असतात. पण लंडनमध्ये अमेरिकी फर्मची मोठी कार्यालये आहेत, ऊर्जा, विमा किंवा जहाजवाहतूक अशा क्षेत्रांत विशेष नाव असलेल्या मध्यम आकाराच्या फर्म आहेत आणि तेथे ट्रेनींची तुकडी लहान असल्यामुळे कामाची जबाबदारी लवकर मिळते.

अर्जातील प्रश्न शेवटी तीनच असतात: हेच क्षेत्र का, हीच फर्म का आणि तुम्हीच का. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण 'जागतिक विस्तार' आणि 'सहकार्याची संस्कृती' असे उत्तर देतात, आणि ते वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी फर्मने अलीकडे केलेला एखादा व्यवहार घ्यावा, त्यात कायद्याची अडचण कोठे होती ते स्वतः समजून घ्यावे आणि त्या कामाचा आपल्या आजवरच्या अभ्यासाशी किंवा अनुभवाशी काय संबंध आहे, ते दोन-तीन वाक्यांत सांगावे. संबंध जुळत नसेल तर तो व्यवहार वगळावा. ओढून आणलेला दुवा लगेच ओळखू येतो.

भारतातील अनुभव लिहिताना विशेष काळजी घ्यावी. 'उच्च न्यायालयात ज्येष्ठ वकिलांकडे इंटर्नशिप केली' या वाक्यातून लंडनमधल्या वाचकाला कामाचे स्वरूप समजत नाही. दहा वर्षे चाललेल्या वादातल्या घटनांची तारीखवार यादी तुम्ही तयार केली असेल, तीनशे पानी करारातून भरपाईची कलमे शोधून काढली असतील, तर नेमके तेच लिहावे. कुटुंबाच्या दुकानाचे हिशेब सांभाळले असतील किंवा सहकारी पतसंस्थेत काम केले असेल, तर तेही लिहावे, कारण ग्राहक, उधारी आणि रोख रकमेची चणचण यांची जाण व्यावसायिक वकिलाला रोज लागते.

विचारक्षमतेची चाचणी

अर्जानंतर अनेक फर्म वॉटसन ग्लेझर ही चाचणी घेतात, जिच्या प्रचलित आवृत्तीत 30 मिनिटांत 40 प्रश्न सोडवायचे असतात. अनुमान, गृहीतक, निष्कर्ष, अर्थबोध आणि युक्तिवादाचे मूल्यमापन असे तिचे पाच भाग आहेत. हुशार विद्यार्थी येथे चुकतात ते स्वतःचे ज्ञान मध्ये आणल्यामुळे. उत्तर केवळ दिलेल्या उताऱ्यावरून द्यायचे असते. सराव संच सोडवताना चुकलेले प्रश्न भागानुसार नोंदवून ठेवले, तर कोणत्या भागात आपण घसरतो ते लवकर कळते.

व्यवसायाची जाण कशी वाढवावी

रोज पाच बातम्या वरवर वाचण्यापेक्षा एक घडामोड तळापर्यंत समजून घेणे अधिक उपयोगी पडते. उदाहरणार्थ, टाटा स्टीलने वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद केली आणि तिच्या जागी विजेवर चालणारी आर्क भट्टी उभारण्याचे ठरवले. 1.25 अब्ज पौंडांच्या या प्रकल्पाला ब्रिटिश सरकारने 50 कोटी पौंडांपर्यंत अनुदान देऊ केले. आता वकिलाच्या नजरेने पाहावे. वीस किंवा अधिक कर्मचारी कमी करायचे असतील, तर 1992 च्या ब्रिटिश कामगारविषयक कायद्याने सामूहिक सल्लामसलत बंधनकारक होते. सरकारी अनुदान आले की 2022 चा अनुदान नियंत्रण कायदा पाहावा लागतो. भट्टीसाठी दीर्घ मुदतीचा वीजपुरवठा करार लागतो, बांधकामाची परवानगी लागते, आणि जुन्या जागेच्या प्रदूषणाची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न उरतोच. एकाच बातमीतून फर्मचे पाच विभाग कामाला लागतात. अशी चार-पाच प्रकरणे तयार असली की मुलाखतीत बोलण्यासारखे भरपूर असते.

असेसमेंट सेंटर आणि पार्टनरची मुलाखत

असेसमेंट सेंटर म्हणजे फर्मने उमेदवारांची प्रत्यक्ष पारख करण्यासाठी ठेवलेली निवडफेरी. त्या दिवशी सहसा लेखी काम, गटचर्चा आणि एक प्रकरण-अभ्यास असतो. प्रकरण बहुधा एखादी कंपनी विकत घेण्याचे असते, म्हणून मूलभूत भेद पक्का असावा. कंपनीचे शेअर घेतले, तर तिची जुनी देणी आणि चालू खटले तिच्याबरोबरच येतात. केवळ मालमत्ता किंवा व्यवसाय घेतला, तर काय घ्यायचे ते बऱ्याच अंशी निवडता येते, पण करार एकेक करून हस्तांतरित करावे लागतात आणि कर्मचारी-हस्तांतरणाच्या 2006 च्या ब्रिटिश नियमांनुसार त्या व्यवसायातील कर्मचारी आपोआप नव्या मालकाकडे जातात. मोठ्या ग्राहकाच्या करारात मालकी बदलल्यास करार संपवण्याची मुभा देणारे कलम दडलेले असेल, तर ते शोधून त्यामुळे किंमत कमी मागावी की ग्राहकाची पूर्वसंमती ही व्यवहाराची अट ठेवावी, असा पर्याय मांडावा. अशिलाला कलमांची जंत्री नको असते. पुढे काय करावे, हे त्याला हवे असते.

मुलाखत घेणारे पार्टनर, म्हणजे फर्मचे भागीदार असलेले ज्येष्ठ वकील, मुद्दाम उलट प्रश्न विचारतात. त्यातून नवी माहिती समोर आली तर मत बदलावे आणि का बदलले ते सांगावे. माहिती तीच असेल आणि केवळ दबाव असेल, तर शांतपणे आपले म्हणणे टिकवावे. उत्तर येत नसेल तर अंदाज ठोकण्याऐवजी ते कोठे आणि कसे शोधाल, हे सांगावे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची आणखी एक सवय येथे आड येते: मोठ्यांसमोर स्वतःबद्दल बोलायचा संकोच असल्यामुळे प्रत्येक कामाचे श्रेय 'आम्ही' ला दिले जाते. गटाने काय केले ते एका वाक्यात सांगून त्यात 'मी' नेमके काय केले, यावर उरलेला वेळ द्यावा.

प्रस्ताव हाती आला की पत्र नीट वाचावे. एसक्यूईचे शुल्क आणि अभ्यासकाळातील निर्वाहखर्च कोण देणार, पहिल्या प्रयत्नात परीक्षा उत्तीर्ण न झाल्यास जागा राहते की जाते, आणि व्हिसाला उशीर झाल्यास रुजू होण्याची तारीख पुढे सरकते का, या तीन बाबी लेखी स्पष्ट झाल्यावरच स्वीकृती कळवावी.