वर्गाचे प्रश्न घेऊन जपानला: परदेशी प्रशिक्षणासाठी निघालेल्या शिक्षकांना

जपान सरकारच्या शिक्षक प्रशिक्षण शिष्यवृत्तीवर हिरोशिमात राहून आल्यापासून बरेच शिक्षक फोन करतात. विचारणा असते ती अर्ज, परीक्षा आणि व्हिसाची. त्याची उत्तरं थोडक्यात देते. ही शिष्यवृत्ती जपानच्या शिक्षण मंत्रालयाची, सगळे तिला ‘मेक्स्ट’ म्हणतात. अर्ज जपानी दूतावासाकडे करायचा असतो. वय पस्तिशीच्या आत हवं आणि शिकवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. लेखी परीक्षा होते, मुलाखत होते. प्रशिक्षण ऑक्टोबरात सुरू होऊन साधारण दीड वर्ष चालतं. पहिले सहा महिने मुख्यतः जपानी भाषा आणि मग विद्यापीठात अभ्यास, शाळाभेटी, अहवाल. शुल्क भरावं लागत नाही, दरमहा विद्यावेतन मिळतं. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, पदवी नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्राची आणि रजेची फाइल अर्जाबरोबरच हलवा. निवड झाल्यावर हातात फार दिवस उरत नाहीत. बाकी अटी त्या त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाचा.

मला खरं बोलायचंय ते पुढचं. तुम्ही तिकडे असता आणि तुमचा वर्ग इकडे. त्या मुलांना या प्रवासातलं काय मिळतं? आल्यावर एक दिवस स्लाइड शो, सगळ्यांना एकेक चॉकलेट आणि ‘जपानी लोक किती शिस्तीचे’ असं भाषण, एवढंच मिळणार असेल तर मला ते फार थोडं वाटतं. आमच्यासारख्या शाळेत परदेश पाहून आलेला माणूस मुलांना क्वचितच भेटतो. त्याने मुलांच्या वतीने बघून यावं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून निघण्याआधी एक काम नक्की करा. वर्गात कोरी वही ठेवा आणि मुलांना जपानबद्दल जे विचारायचं ते लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका, प्रश्न ‘चांगले’ करू नका. माझ्या सहावीच्या मुलांच्या वहीत असे प्रश्न होते: तिथल्या शाळेत घंटा कोण वाजवतं? मुलं मार खातात का? जेवण कोण वाढतं? समुद्रातला तो लाल दरवाजा पडत कसा नाही? तिथे हत्ती आहेत का? सादाकोची गोष्ट खरी आहे का? त्यांना आपल्याबद्दल काय माहीत आहे? प्रवासाचं इतकं नेमकं वेळापत्रक मला कुणी आखून दिलं नसतं. सुटीच्या दिवशी कुठे जायचं, काय टिपायचं, कुणाला काय विचारायचं, हे मी त्या वहीवरून ठरवत असे.

घंटेचा प्रश्न मला आधी किरकोळ वाटला होता. पण जपानमधल्या बहुतेक शाळांत तास संपल्यावर लंडनच्या बिग बेन घड्याळाची धून वाजते. ती फोनवर ध्वनिमुद्रित करून मी वर्गाला पाठवली. मुलांनी ती ऐकली आणि लगेच उलटा प्रश्न आला: लंडनची घंटा जपानमध्ये कशी? एका छोट्या आवाजातून मुलं स्वतःहून नकाशाकडे वळतात. छायाचित्रांपेक्षा आवाज जास्त काम करतात, हे मला तिथे कळलं. रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा, पावसाळ्यातले बेडूक, मैदानावरची कवायत असं काहीही. दोन मिनिटांची ध्वनिफीत साध्या फोनवरही उघडते आणि मुलं डोळे मिटून अंदाज बांधतात.

माराचा प्रश्न मात्र हलका नव्हता. जपानच्या 1947 च्या शालेय शिक्षण कायद्यात शारीरिक शिक्षेला मनाई आहे. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तीच मनाई केली. दोन्ही गोष्टी मी मुलांना शेजारी शेजारी सांगितल्या. कायदा असूनही तिथे अशा घटना घडतात आणि त्यांच्या बातम्या येतात, हेही सांगितलं. परदेशाचं चित्र गुळगुळीत करून पाठवलं की मुलांचा आपल्यावरचा विश्वास कमी होतो. ती मोठी झाल्यावर सगळं वाचणारच आहेत.

जेवणावर तर आम्ही कितीतरी दिवस बोलत होतो. जपानी प्राथमिक शाळेत पाळीची मुलं पांढरे अ‍ॅप्रन, टोप्या आणि मास्क घालून पातेली वर्गात आणतात आणि स्वतः वाढतात. वर्गशिक्षक मुलांबरोबर तेच जेवण जेवतात. सहसा कुणाचे डबे नसतात, सगळ्यांना एकच जेवण. शाळेतल्या जेवणाची सुरुवात 1889 साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी गरीब मुलांसाठी झाली आणि 1954 साली शालेय भोजनाचा कायदा आला. आमच्या मुलांनी हे आपल्या पोषण आहाराशी ताडून पाहिलं. आपली केंद्राची योजना 1995 ची, आणि शिजवलेलं गरम जेवण देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2001 चा. ‘बाई, तुम्ही का नाही जेवत आमच्यासोबत?’ हा प्रश्न मला फोनवर आला. माझ्या सहकारी शिक्षकांनी त्याच आठवड्यापासून मुलांच्या पंगतीत बसायला सुरुवात केली. शाकाहारी मुलांचं काय होतं, हेही मुलांनी विचारलं. तिथल्या पुष्कळ पदार्थांत माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहार पाळणं अवघड जातं आणि ज्यांना काही चालत नाही ती मुलं बऱ्याचदा घरून डबा आणतात. शिक्षक म्हणून जाणाऱ्यांनीही ही तयारी ठेवावी.

साफसफाईबद्दल सावध राहा. जपानी मुलं शाळा स्वतः झाडतात-पुसतात, हे व्हिडिओ आपल्याकडे आधीच पोचलेले असतात आणि पुष्कळदा मुलांना खजील करायला वापरले जातात. मी तो विषय काढला तेव्हा मुलं म्हणाली, ‘आम्हीपण रोज वर्ग झाडतो की.’ बरोबरच होतं त्यांचं. मग आम्ही वेगळा प्रश्न घेतला: तिथे शिक्षक झाडतात का, मुलगे आणि मुली दोघंही झाडतात का, स्वच्छतागृह कोण धुतं? तिथे मुलगे-मुली दोघंही झाडतात, शिक्षकही बरोबर असतात. आपल्या वर्गात झाडू कुणाच्या हातात असतो, याची नोंद मुलांनी आठवडाभर ठेवली. नोंद वाचून झाल्यावर मुलींनीच पाळ्या बदलल्या. ‘ते बघा आणि तुम्ही बघा’ या सुरात हे घडलं नसतं.

समुद्रातला लाल दरवाजा म्हणजे मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा मंदिराची कमान. हिरोशिमापासून जवळ आहे, फेरीबोटीने जाता येतं. मंदिर 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहे. भरतीला कमान पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते आणि ओहोटीला चालत तिच्या बुंध्यापर्यंत जाता येतं. सध्याची कमान 1875 ची, कापराच्या झाडाच्या प्रचंड खोडांची, सोळा मीटरहून उंच. तिचे खांब समुद्रतळात पुरलेले नाहीत. चिखलात लाकडी खुंट ठोकून पाया घट्ट केलाय, त्यावर कमान स्वतःच्या वजनाने उभी आहे आणि वरच्या पोकळ तुळईत दगड भरलेत. मी एकाच जागेवरून भरतीची आणि ओहोटीची छायाचित्रं काढून वेळेसकट पाठवली. मुलांनी भरती-ओहोटीचं गणित मांडलं, आणि काड्या, माती, खडे घेऊन न पुरलेली कमान उभी करून दाखवली. विज्ञानाच्या सरांनी हा पाठ माझ्याहून छान घेतला.

इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगते. शाळेत राहिलेला एक सहकारी तुमच्याबरोबर असल्याशिवाय यातलं काही होत नाही. पाठवलेलं वर्गात दाखवणं, मुलांचे प्रश्न परत कळवणं, पाठ्यपुस्तकाशी सांधा जुळवणं, हे सगळं तो करतो. निघण्याआधी त्याच्याशी बसून ठरवा, मुख्याध्यापकांच्या कानावर घाला आणि वेळापत्रकात आठवड्याचा एक तास मागून घ्या.

हिरोशिमाबद्दल पाठवताना मी खूप विचार केला. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. 1955 मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, बाराव्या वर्षी ती गेली. तिच्या वर्गमित्रांनी निधी जमवायला सुरुवात केली, देशभरातली मुलं सामील झाली आणि 5 मे 1958 ला शांती उद्यानात मुलांचं स्मारक उभं राहिलं. हजार कागदी सारस केले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती आजारपणात सारस करत होती. हजार पुरे होण्याआधीच ती गेली, असं पुष्कळ गोष्टींत सांगतात. संग्रहालयातली माहिती वेगळी आहे: हजार पुरे करूनही ती सारस करत राहिली होती. हे मी मुलांना मुद्दाम कळवलं. गोष्ट जास्त रडवणारी व्हावी म्हणून कुणी बदलली असेल तर ती दुरुस्त करणं शिक्षकाचं कामच आहे. संग्रहालयातली होरपळलेल्या माणसांची छायाचित्रं मात्र पाठवली नाहीत. सहावीच्या मुलांना स्मारक, ती मुलं आणि स्फोटातून वाचून आजही पालवणारी झाडं पुरेशी आहेत. स्मारकाजवळ जगभरातून आलेले सारस ठेवतात, टपालाने पाठवलेलेही शहर स्वीकारतं. आमच्या मुलांचे सारस तिथे मी स्वतः ठेवले आणि छायाचित्र पाठवलं. त्या छायाचित्राची प्रत आज पुष्कळ घरांत भिंतीवर आहे.

हत्तीचा प्रश्न मुलांचा सगळ्यात लाडका. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. बॉम्बहल्ल्यात प्राणी सुटतील ही भीती होती. युद्धानंतर जपानी मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहून हत्ती मागितला आणि 1949 मध्ये भारतातून एक हत्तीण गेली. नाव इंदिरा, नेहरूंच्या मुलीवरून ठेवलेलं. ती 1983 पर्यंत जगली. मुलांनी मागितलं आणि मिळालं, हे ऐकल्यावर आमच्या मुलांनी पत्रं लिहायचं ठरवलं, आणि मी ज्या शाळेत जात होते तिथल्या मुलांना ती पोचवली. तिकडूनही प्रश्न आले. ‘तुमच्या शाळेत भूकंपाचा सराव होतो का?’ हा त्यातला एक. तिथे 1923 च्या महाभूकंपाच्या आठवणीत 1 सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन पाळतात, पण सराव वर्षभर होतो. आमच्या मुलांना 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल घरच्या मोठ्या माणसांना विचारावं लागलं. उत्तर लिहिण्यासाठी त्यांनी आजी-आजोबांच्या मुलाखती घेतल्या, आणि मग बाकाखाली शिरण्याचा सराव इकडेही सुरू झाला.

थेट व्हिडिओ भेट ठरवताना घड्याळ बघा. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आपल्या सकाळच्या साडेदहाला तिथे दुपारचे दोन वाजलेले असतात आणि तीनच्या सुमारास प्राथमिक शाळा सुटायला लागते. त्यांचं शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं, उन्हाळी सुटी जुलैअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत. आपली सुटी मेमध्ये आणि दिवाळीत. त्यामुळे सप्टेंबर आणि नोव्हेंबरअखेर हे दिवस सोयीचे. भेट वीस मिनिटांची ठेवा, मुलांनी आधी प्रश्न पाठवलेले असावेत, आणि एखादा खेळ किंवा गाणं ठेवा. नुसत्या ‘हाय, हाऊ आर यू’ मध्ये वेळ जातो.

छायाचित्रांच्या बाबतीत तिथल्या शाळा काटेकोर असतात. मुलांचे चेहरे, छातीवरची नावाची पट्टी, वर्गाच्या याद्या यांतलं काहीही मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय टिपू नका. मी हात, बूट ठेवायचे कप्पे, फळा, पातेली, दप्तरं टिपत असे आणि त्याने काही अडत नाही. तोच नियम आपल्या मुलांनाही लावा. त्यांची छायाचित्रं तिकडे पाठवण्याआधी पालकांना विचारा.

परत येताना बाहुल्या आणि चावीच्या साखळ्यांत पैसे घालवू नका. शाळेच्या जेवणाचा महिन्याचा तक्ता, रेल्वेचं वेळापत्रक, सुपरमार्केटची जाहिरात, कालचं वर्तमानपत्र, आणि मूठभर पाच येनची नाणी आणा. पाच येनच्या नाण्याला मध्ये भोक असतं, किंमत फक्त जपानी लिपीत असते आणि त्यावर भाताची लोंबी, दातेरी चाक आणि पाणी असतं: शेती, उद्योग आणि मासेमारी. गटागटाला एकेक नाणं द्या, काही सांगू नका आणि या देशात लोक काय करत असतील ते ओळखायला लावा. एक तास पुरत नाही. हे सगळं रुजू झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच घ्या, कारण नंतर चाचण्या, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस जातात आणि आणलेल्या वस्तूंची पेटी कपाटावर पडून राहते.